जीडीपीच्या तक्त्यातली ‘डिस्क्रेपन्सी’ची ओळ कशी वाचायची, पायरीपायरीने

जीडीपीचा आकडा आला की दोन-तीन दिवसांत व्हॉट्सॲपवर तक्त्याचा फोटो फिरायला लागतो, ‘डिस्क्रेपन्सीज’ लिहिलेल्या ओळीभोवती लाल गोल आणि खाली ‘बघा, एवढे लाख कोटी गायब’. जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससी-यूपीएससीची पोरं ते तसंच नोट्समध्ये उतरवून घेतात, एम.ए.च्या प्रोजेक्टमध्येही तेच येतं. दुसऱ्या टोकाला काही जण ‘ते किरकोळ असतं’ म्हणून ती ओळच सोडून देतात. दोन्ही चूक. जीडीपी दोन बाजूंनी मोजतात, किती उत्पादन झालं आणि किती खर्च झाला, आणि या दोन मोजण्या जुळल्या नाहीत की मधलं अंतर म्हणजे ही डिस्क्रेपन्सी, आपल्या भाषेत तफावत. पैसे कुठे गायब झालेले नसतात, आणि ओळ किरकोळही नसते, एखाद्या तिमाहीत वाढीच्या दराचा मोठा हिस्सा त्या एका ओळीत बसलेला असतो. म्हणून ती वाचायची कशी, कोणत्या क्रमाने आणि कुठे घसरायला होतं ते सगळं खाली लिहितोय. क्रम बदलू नका, बहुतेक चुका क्रम बदलल्यामुळेच होतात.

आधी तयारी

सांख्यिकी मंत्रालयाच्या वेबसाइटवरून प्रेस नोटची पीडीएफ आणि तिच्याबरोबरची एक्सेल फाइल, दोन्ही उतरवून घ्या. बातमीतला तक्ता वापरायचा नाही, कारण बातमीत बहुतेक वेळा फक्त वाढीचे टक्के असतात आणि आपल्याला कोटी रुपयांतले मूळ आकडे लागतात.

तक्ते चार लागतील: उत्पादनाच्या बाजूचा म्हणजे क्षेत्रवार जीव्हीएचा (शेती, कारखाने, सेवा अशा प्रत्येक क्षेत्राने उत्पादनात घातलेलं मूल्य), आणि खर्चाच्या बाजूचा, दोन्ही स्थिर भावांना (आधारवर्षाच्या किमतींनी, म्हणजे भाववाढ काढून) एकेक आणि चालू भावांना (त्या-त्या वेळच्या किमतींनी) एकेक. शिवाय मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीचे आकडे, पण ते मागच्या वर्षीच्या जुन्या पीडीएफमधून नाही, आत्ताच्याच फाइलमधल्या मागच्या वर्षाच्या रकान्यातून घ्यायचे. का ते पुढे येईल.

एका कोऱ्या शीटवर वरच्या कोपऱ्यात चार गोष्टी लिहून ठेवा: आधारवर्ष, तिमाही, प्रसिद्धीची तारीख, चालू की स्थिर भाव. हे लिहिल्याशिवाय एकही आकडा भरायचा नाही.

1. अंदाज कितवा आहे ते ओळखा

आपल्याकडे एकाच वर्षाचा जीडीपी पुन्हा पुन्हा येतो. जानेवारीच्या सुरुवातीला पहिला आगाऊ अंदाज, फेब्रुवारीअखेर दुसरा, मेअखेर तात्पुरता अंदाज, आणि मग पुढच्या वर्षांत सुधारित अंदाज. तिमाहीचे आकडे साधारण दोन महिन्यांनी येतात, म्हणजे एप्रिल-जूनचे ऑगस्टअखेर आणि जुलै-सप्टेंबरचे नोव्हेंबरअखेर. प्रत्येक वेळी मागचेही आकडे हलू शकतात आणि तफावतीची ओळ सगळ्यात जास्त हलते, कारण ती उरलेली रक्कम असते. इतर ओळींमधला बदल शेवटी हिच्यावरच येऊन पडतो.

सावधान: 2011-12 आधारवर्षाच्या मालिकेतला एक आकडा आणि दुसऱ्या आधारवर्षाच्या मालिकेतला दुसरा असं मिसळू नका. 2011-12 नंतरचं आधारवर्ष मंत्रालयाने 2022-23 ठरवलंय, त्यामुळे जुन्या नोट्स आणि नवी फाइल शेजारी ठेवून वजाबाकी केली तर येणारा आकडा कशाचाच नसतो.

2. जीव्हीए आणि जीडीपीमधलं अंतर आधी बाजूला काढा

सगळ्यात जास्त चूक होते ती इथे. जीव्हीए आणि जीडीपी यांच्यातलं अंतर म्हणजे तफावत नाही. जीव्हीएमध्ये उत्पादनांवरचे कर मिळवले आणि उत्पादनांवरच्या सबसिडी वजा केल्या की जीडीपी येतो. तो हिशोबाचा भाग आहे, त्यात न जुळण्यासारखं काही नाही.

2023-24 च्या तिसऱ्या तिमाहीचे आकडे फेब्रुवारी 2024 मध्ये आले तेव्हा जीडीपीची वाढ 8.4 टक्के आणि जीव्हीएची 6.5 टक्के होती. लगेच मेसेज फिरले की जवळजवळ दोन टक्क्यांची डिस्क्रेपन्सी आहे. तसं नव्हतं. त्या तिमाहीत सबसिडी कमी झाल्यामुळे निव्वळ कर (कर वजा सबसिडी) खूप वाढलेले दिसले आणि त्यामुळे जीडीपी जीव्हीएच्या पुढे पळाला. या फरकावर प्रश्न विचारता येतात, जरूर विचारावेत, पण तो विषय वेगळा आणि त्याची ओळही वेगळी.

तपासा: जीव्हीए + निव्वळ कर = जीडीपी. ही बेरीज अगदी बरोबर जुळली पाहिजे, फार तर पूर्णांकामुळे एखाद्या कोटीचा फरक. जुळली नाही तर तुम्ही दोन वेगळ्या तक्त्यांतले आकडे घेतलेत, मागे जा.

3. खर्चाची बेरीज स्वतःच्या हाताने करा

तक्त्यात ‘डिस्क्रेपन्सीज’चा आकडा तयार असतो, तरी तो झाकून ठेवा आणि स्वतः काढा. एकदा हाताने काढलं की ती ओळ काय आहे ते परत कधी विसरायला होत नाही.

बेरीज अशी: कुटुंबांचा खाजगी उपभोग खर्च, अधिक सरकारी उपभोग खर्च, अधिक स्थिर भांडवल निर्मिती (इमारती, यंत्रं वगैरे), अधिक साठ्यातला बदल, अधिक मौल्यवान वस्तू, अधिक निर्यात, वजा आयात.

यात दोन ओळी कायम सुटतात. एक साठ्यातला बदल, कारण आकडा लहान असतो. दुसरी मौल्यवान वस्तूंची, आणि ती जळगावच्या मुलांकडून सुटावी हे बरं नाही, सोन्याच्या बाजारपेठेत राहतो आपण! सोनं आयात झालं की आयातीत वजा होतं, पण दुसऱ्या बाजूला ते कुठेतरी धरावंही लागतं, आणि त्यातलं बरंच या ओळीत येतं. ही ओळ विसरलात तर तुमची तफावत उगाच वाढलेली दिसेल.

आयात वजाच करायची. तक्त्यात आयातीसमोर उणे चिन्ह छापलेलं असेलच असं नाही, ओळीचं नाव वाचा.

4. वजाबाकीची दिशा पक्की करा

भारतात मथळ्याचा, म्हणजे बातम्यांत येणारा मुख्य, जीडीपी उत्पादनाच्या बाजूचा असतो आणि तफावत खर्चाच्या तक्त्यात शेवटी टाकलेली असते. म्हणून:

तफावत = उत्पादनाच्या बाजूचा जीडीपी − खर्चाच्या ओळींची बेरीज

अधिक आली तर खर्चाच्या ओळी कमी पडताहेत. उणे आली तर खर्चाची बेरीज जीडीपीच्या वर गेलीय. ‘अधिक म्हणजे चांगलं, उणे म्हणजे वाईट’ असं काही नसतं.

सावधान: अमेरिकेच्या तक्त्यांशी तुलना करताना हे उलटं-पालटं होतं. तिथे मथळ्याचा जीडीपी खर्चाच्या बाजूचा असतो आणि तफावत उत्पन्नाच्या बाजूला टाकतात. ऑस्ट्रेलियात उत्पादन, उत्पन्न आणि खर्च अशा तिन्ही बाजूंची सरासरी घेऊन जीडीपी देतात. म्हणजे ‘त्यांच्याकडे एवढी, आपल्याकडे एवढी’ हे वाक्य लिहिण्याआधी तिकडची वजाबाकी कोणत्या दिशेने आहे ते बघा. आणि अमेरिकेची पहिली तिमाही जानेवारी-मार्च, आपली एप्रिल-जून, हेही राहून जातं.

5. जीडीपीच्या किती टक्के ते काढा

तफावत भागिले जीडीपी, गुणिले शंभर. चिन्हासकट लिहा. नुसते ‘एक लाख कोटी’ म्हटलं की वाचणाऱ्याला अंदाज येत नाही, अर्थव्यवस्था मोठी होत जाते तसा तोच आकडा लहान होत जातो.

आणि ही एक गोष्ट अजिबात करू नका: तफावतीच्या वाढीचा दर. गेल्या वर्षी उणे 30 आणि यंदा अधिक 16 असेल तर टक्केवारी उणे 153 येते, तिला काहीच अर्थ नाही. शून्याच्या दोन्ही बाजूंना जाणाऱ्या आकड्याचा वाढीचा दर काढत नाहीत.

6. वाढीतला वाटा काढा, खरं काम हे आहे

तफावत किती आहे यापेक्षा ती गेल्या वर्षापासून किती हलली हे वाढीच्या दरासाठी महत्त्वाचं. इथे घाई करू नका, कागद घेऊन बसा. आधी समजण्यापुरते छोटे, मनाने घेतलेले आकडे:

गेल्या वर्षी जीडीपी 1000, खर्चाची बेरीज 1030, तफावत −30.
यंदा जीडीपी 1080, खर्चाची बेरीज 1064, तफावत +16.

जीडीपी वाढला 80 ने, म्हणजे 8 टक्के. खर्च वाढला 34 ने. तफावत हलली 46 ने, −30 वरून +16 वर, इथे पुष्कळ जण 30 मधून 16 वजा करून 14 लिहितात, उणे चिन्ह विसरतात. आता दोन्ही वाटे गेल्या वर्षीच्या जीडीपीने म्हणजे 1000 ने भागा: खर्चाच्या ओळींचा वाटा 3.4 आणि तफावतीचा 4.6 टक्के अंक, बेरीज 8. म्हणजे आठातले निम्म्याहून जास्त अंक कशाचे ते खर्चाचा तक्ता सांगूच शकत नाही.

तपासा: सगळे वाटे मिळून मथळ्याचा दर आला पाहिजे. खर्चाचा स्वतःचा वाढीचा दर (34 भागिले 1030, म्हणजे 3.3) आणि खर्चाचा वाटा (34 भागिले 1000, म्हणजे 3.4) हे जवळजवळ सारखे दिसले तरी वेगळे आहेत, एकाच्या जागी दुसरा लिहू नका.

आता खरा आकडा. एप्रिल-जून 2023 चा स्थिर भावांचा जीडीपी ऑगस्ट 2023 मध्ये आला: 40.37 लाख कोटी, त्याआधीच्या वर्षी त्याच तिमाहीत 37.44 लाख कोटी, वाढ 7.8 टक्के. तफावत आधीच्या वर्षी जीडीपीच्या सुमारे −3.4 टक्के होती, ती झाली सुमारे +2.8 टक्के. वरचीच रीत लावा: आधीच्या वर्षी खर्चाची बेरीज साधारण 38.7 लाख कोटी, नंतर साधारण 39.2, म्हणजे खर्चाच्या बाजूने वाढ फक्त 1.4 टक्क्यांच्या आसपास. अर्थतज्ज्ञ अशोक मोदी यांनी यावरूनच टीका केली आणि ती जगभर गाजली. अर्थ मंत्रालयाचं उत्तर असं होतं की भारत वाढीचा दर कायम उत्पादन-उत्पन्नाच्या बाजूनेच काढतो, आणि तफावत कधी अधिक तर कधी उणे असते.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंचं अर्धं-अर्धं घ्यायला हवं. आधीच्या वर्षीची तफावत उणे होती, त्यामुळे ‘खरी वाढ 1.4 च’ असं म्हणणं चुकीचं, कारण त्यात आधीच्या वर्षीचा फुगलेला खर्च गृहीत धरला जातो. पण एका वर्षात ही ओळ जीडीपीच्या सहा टक्क्यांहून जास्त हलते तेव्हा 7.8 या आकड्यावर दशांशापर्यंत भरवसा ठेवायला सांगणं हेही बरोबर नाही.

7. चालू भावांचा तक्ता शेजारी ठेवा

आता हीच सगळी आकडेमोड चालू भावांच्या तक्त्यावर परत करा. कंटाळा येतो म्हणून हे कोणी करत नाही, आणि कारण नेमकं इथेच सापडतं.

दोन्हीकडे तफावत साधारण सारखी असेल तर प्रश्न मोजणीचा आहे, कुठला तरी व्यवहार एका बाजूला धरला गेलाय आणि दुसऱ्या बाजूला नाही. चालू भावांना कमी आणि स्थिर भावांना जास्त असेल तर संशय भाववाढ काढून टाकण्याच्या पद्धतीवर जातो. 2011-12 च्या मालिकेत उत्पादनाच्या बाजूला, विशेषतः कारखानदारीत, घाऊक किमतींचा निर्देशांक बराच वापरला जातो आणि कुटुंबांच्या खर्चाला किरकोळ किमतींचा. 2023 च्या एप्रिल-जूनमध्ये घाऊक महागाई शून्याच्या खाली होती आणि किरकोळ महागाई चार टक्क्यांच्या वर. एका बाजूला किंमत घसरली म्हणून उत्पादन जास्त दिसतं, दुसऱ्या बाजूला किंमत वाढली म्हणून खर्च कमी दिसतो, व्यवहार तोच असला तरी. त्या तिमाहीत चालू भावांची वाढ 8.0 आणि स्थिर भावांची 7.8 टक्के आली होती, म्हणजे मध्ये भाववाढ जेमतेम 0.2 टक्के धरली गेली. बाजारात जाऊन आलेल्या कोणालाही हे खटकणारच.

8. कारण शोधताना आपल्या भागाकडे बघा

तफावत ही फसवणुकीचा पुरावा नाही, ती दोन वेगवेगळ्या मोजण्यांमधलं अंतर आहे. मोजण्या वेगळ्या का पडतात हे दिल्लीच्या पीडीएफपेक्षा आपल्याकडच्या कापसावरून लवकर कळतं.

दसऱ्यानंतर वेचणी जोरात सुरू होते. पीक हाती आलं म्हणजे उत्पादनाच्या बाजूला ते धरलं गेलं. पण भाव पटला नाही तर आपला शेतकरी कापूस घरातच भरून ठेवतो, पुढची खोली छतापर्यंत भरलेली, माणसं ओट्यावर झोपतात, आणि तो विकला जातो फेब्रुवारी-मार्चमध्ये, कधी अगदी मे महिन्यात, खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याला नाहीतर जिनिंगवर. मधल्या काळात तो कापूस कोणी खरेदी केलेला नाही, त्याची गाठ झालेली नाही, सरकी निघालेली नाही. खर्चाच्या बाजूला त्याची जागा एकच, साठ्यातला बदल. कंपनीच्या गोडाऊनचा साठा तिच्या ताळेबंदात दिसतो, घराघरातल्या कापसाची दर तिमाहीला मोजदाद करायला कोणी येत नाही, तो अंदाजाने धरावा लागतो. अंदाज कमी पडला की उरलेलं तफावतीत. वर दोन-तीन महिने पडून कापूस सुकतो, वजनात घट येते, आणि विकताना भाव वेगळा असतो, म्हणजे उत्पादनाची किंमत एका भावाने आणि विक्रीची दुसऱ्या भावाने.

केळीचं उलटं. रावेर-यावलची केळी साठवता येत नाही, कापली की गेली. कंटेनरमधून परदेशी गेली तर कस्टमकडे पक्की नोंद आणि निर्यातीचा आकडा चोख. तीच केळी फैजपूरच्या हातगाडीवर डझनाने विकली गेली तर नोंद नाही, कुटुंबांच्या खर्चात ती येते ती अशा हिशोबाने: एकूण उत्पादन आणि आयात, त्यातून निर्यात, कारखान्यांचा वापर वगैरे वजा जाता जे उरलं ते घरांनी खाल्लं. वर्षाच्या हिशोबात असं करता येतं, तिमाहीला तेवढीही माहिती हातात नसते आणि मग इतर सूचकांवरून पुढे ओढून नेतात.

तिसरी अडचण छोट्या, नोंदणी नसलेल्या धंद्यांची. मोठ्या कंपन्यांचे आकडे कंपनी मंत्रालयाच्या फाइलिंगमधून मिळतात, पण एखादी छोटी डाळ मिल, वेल्डिंगचं दुकान, चटईचं काम घरी करणारे यांचे आकडे नमुना सर्वेक्षणातून येतात आणि दोन सर्वेक्षणांमध्ये वर्षं गेली की मधल्या काळात ते अंदाजाने वाढवले जातात.

सावधान: यातलं कोणतंही कारण वाचून लगेच ‘यंदाची तफावत कापसामुळे’ असं लिहू नका. देशाच्या आकड्यात असंख्य गोष्टी मिसळलेल्या असतात. साठ्याची ओळ, निर्यात-आयातीची ओळ, दोन्ही महागाई निर्देशांक, यातलं काय हललं ते दाखवता आलं तरच कारण म्हणा, नाहीतर ‘शक्यता’ म्हणा.

अजून एक, कारण हे दर वर्षी कोणीतरी विचारतंच: जळगाव जिल्ह्याची किंवा महाराष्ट्राची तफावत कुठे मिळेल? मिळणार नाही. राज्याचं आणि जिल्ह्याचं उत्पन्न अर्थ व सांख्यिकी संचालनालय देतं ते क्षेत्रवार उत्पादनाच्या बाजूने, खर्चाची अशी पूर्ण बाजू राज्याला मांडलेली नसते. दुसरी बाजूच नाही तर वजाबाकी कशाची करणार! या विषयावर प्रोजेक्ट घेतला असेल तर आत्ताच गाईडशी बोलून बदला.

9. सुधारित आकडे आले की परत करा

आधी सांगितलं ना, जुनी पीडीएफ वापरू नका, त्याचं कारण हे. वर्षभराने कंपन्यांचे पूर्ण ताळेबंद, सरकारचे प्रत्यक्ष खर्च, पिकांचे अंतिम अंदाज येतात आणि दोन्ही बाजू हलतात. वार्षिक पातळीवर पुरवठा-वापर तक्ते बनवले जातात, त्यात प्रत्येक वस्तूचा पुरवठा आणि वापर समोरासमोर ठेवून जुळवतात, त्यामुळे तिमाहीतली मोठी तफावत नंतर आटलेली दिसू शकते. पण आटेलच असं नाही, आणि ती आटताना खर्चाची बाजू वर आली की उत्पादनाची खाली गेली हे बघणं गरजेचं. दोन्हीचा अर्थ वेगळा आहे.

त्यासाठी शीटवर एकाच तिमाहीच्या प्रत्येक प्रसिद्धीला नवा रकाना करा आणि जुना पुसू नका. रकान्याच्या डोक्यावर प्रसिद्धीची तारीख. चार तिमाहींची बेरीज करून वर्षाची तफावतही बघा, काही तिमाहींतली अधिक आणि काहींतली उणे एकमेकांना खातात. एका तिमाहीवरून वर्षाचा निकाल देऊ नका.

10. शेवटी वाक्य लिहा

उत्तरपत्रिका असो, प्रोजेक्ट असो की ग्रुपवरची पोस्ट, वाक्यात पाच गोष्टी आल्या पाहिजेत: काळ, कितवा अंदाज, भाव, चिन्हासकट टक्केवारी आणि वाढीतला वाटा. असं:

‘एप्रिल-जून 2023 च्या पहिल्या अंदाजानुसार, स्थिर भावांना (आधारवर्ष 2011-12), तफावत जीडीपीच्या सुमारे +2.8 टक्के होती, आधीच्या वर्षीच्या त्याच तिमाहीत ती सुमारे −3.4 टक्के होती, आणि 7.8 टक्के वाढीतले सहापेक्षा जास्त अंक या बदलातून येतात.’

‘गायब’, ‘घोटाळा’, ‘फुगवलेला’ हे शब्द या वाक्यात बसत नाहीत कारण आपल्या आकडेमोडीतून ते सिद्ध होत नाही. तसंच ‘नगण्य’ हा शब्दही काढा, वाटा काढून दाखवला असेल तर वाचणारा स्वतः ठरवेल. ग्रुपवर टाकताना तक्त्याचा फोटो नको, एक्सेलची शीट टाका, म्हणजे समोरच्याला तुमची वजाबाकी तपासता येईल आणि चुकली असेल तर कुठल्या पायरीवर चुकली तेही सांगता येईल.